लोण्याची गाय आणि निळी फीत

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आयोवा राज्याच्या राजधानीत, डी मॉइनमध्ये, ग्रँड अव्हेन्यू धरून पूर्वेकडे निघावं. पत्ता विचारायची गरज पडत नाही, गर्दीच नेऊन सोडते. साडेचारशे एकरांच्या आसपासचं हे मैदान १८८६ पासून आयोवा स्टेट फेअरचं कायमचं घर आहे. राज्याची लोकसंख्या बत्तीस लाखांच्या घरात, आणि अकरा दिवसांत इथे येणाऱ्यांची मोजदाद दहा लाखांच्या वर जाते. फाटकातून आत शिरलं की आधी नाक कामाला लागतं : तळणीचं तेल, भाजलेली कणसं, आणि त्यामागून मंद येणारा शेणाचा नि वाळल्या गवताचा वास. काडीला खोचून खायच्या पदार्थांची इथे एक स्वतंत्र जातच आहे. मक्याच्या पिठात बुडवून तळलेलं सॉसेज म्हणजे कॉर्न डॉग, आणि हाडालाच मूठ समजून हातात धरायचा पोर्क चॉप, हे त्यातले मानकरी. पाळणे आहेत, उंच घसरगुंडी आहे, अंधाऱ्या पाटातून होडीने नेणारी 'ये ओल्ड मिल' १९२१ पासून लोकांना फिरवते आहे. मराठी माणसाला वाटावं, ही तर आपली जत्रा. फक्त कळस कुठे दिसत नाही. थोडं पुढे गेलं की ध्यानात येतं, गुरांचा बाजारही नाही. गोठ्यांच्या रांगाच्या रांगा आहेत, पण दात बघून भाव पाडणारा दलाल नाही, उपरण्याखाली बोटं धरून चाललेला सौदा नाही. देव नाही आणि बाजारही नाही, तर मग एवढी माणसं जमली आहेत कशाभोवती? माझं उत्तर असं की ती निवाड्याभोवती जमली आहेत. स्टेट फेअरला आपण सवयीने जत्रा म्हणतो, पण तिचा पिंड परीक्षेचा आहे. ही परीक्षा उघड्यावर चालते, निकाल सगळ्यांदेखत लागतो आणि त्यावर कुणीही नाक मुरडू शकतं. बाकीचा सगळा थाट तिच्याभोवती नंतर वाढलेला आहे.

पुरावा मुळातच आहे. एल्कना वॉटसन हा काही जन्माचा शेतकरी नव्हता. व्यापार-उदीम करून झाल्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला शेती घेऊन राहिलेला हा उद्योगी गृहस्थ. १८०७ मध्ये त्याने गावच्या चौकातल्या एल्मच्या झाडाखाली मेरिनो जातीच्या दोन मेंढ्या लोकांना बघायला उभ्या केल्या. बघ्यांची गर्दी झाली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. शेतीसुधारणेची मंडळं अमेरिकेत त्याआधीही होती. फिलाडेल्फियाचं मंडळ १७८५ चं. पण ती होती सुखवस्तू, शिकल्या-सवरल्या लोकांची. ते निबंध वाचत आणि ज्याने नांगर धरायचा तो त्या निबंधांच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. वॉटसनने ओळखलं की शेतकऱ्याला उपदेश नको असतो, शेजाऱ्याचा बैल आपल्याहून सरस ठरलेला मात्र त्याला खपत नाही. १८१० मध्ये त्याने जनावरांचं प्रदर्शन भरवलं, पुढे बक्षिसं लावली, मिरवणूक काढली आणि घरी विणलेल्या लोकरी कापडासाठी बायकांचीही स्पर्धा ठेवली. खरेदी-विक्रीच्या जत्रा युरोपात शेकडो वर्षं चालत होत्या, आपल्याकडेही चालत होत्याच. वॉटसनने त्यातला बाजार बाजूला ठेवला आणि चढाओढ तेवढी उचलली. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही लाल कंधारी आणि देवणी जनावरांचं प्रदर्शन भरतं, नंबर काढले जातात. पण तिथे आधी देव, मग बाजार आणि त्यानंतर प्रदर्शन असा क्रम आहे. अमेरिकेत पहिलं पाऊलच बक्षिसाचं. संपूर्ण राज्याचा असा पहिला मेळा १८४१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूजला भरला, आणि मग एकेका राज्याने तो कित्ता गिरवला. ३० सप्टेंबर १८५९ रोजी अब्राहम लिंकन मिलवॉकीला विस्कॉन्सिनच्या मेळ्यात बोलायला उभे राहिले. अजून ते अध्यक्ष झालेले नव्हते. त्यांनी अफाट जमीन वरवर कसण्यापेक्षा थोडी जमीन मन लावून कसावी असं सांगितलं, श्रमाला शिक्षणाची जोड हवी हे सांगितलं आणि शेवटाला ज्यांना बक्षीस मिळणार नाही त्यांची समजूत काढली. समारंभातली मुख्य घडामोड कोणती, हे त्या शेवटावरून कळतं.

आयोवा राज्य झालं १८४६ मध्ये, आणि आठच वर्षांनी, ऑक्टोबर १८५४ मध्ये, फेअरफील्ड या गावी पहिला मेळा भरला. (हे तेच फेअरफील्ड, जिथे १९७४ पासून महर्षी महेश योगींचं विद्यापीठ आहे. गावांच्याही कुंडल्या अजब असतात.) त्या मेळ्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे स्त्रियांची घोडेस्वारीची स्पर्धा. बक्षीस सोन्याच्या घड्याळाचं. जमावाची लाडकी ठरली आयोवा सिटीची एक तेरा वर्षांची मुलगी, आणि पंचांनी घड्याळ दिलं दुसरीलाच. लोक बिथरले, पण मोडतोड करून घरी गेले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे वर्गणी काढून त्या मुलीला रोख रक्कम दिली आणि तिच्या शाळेची सोय लावून दिली. म्हणजे पहिल्याच वर्षी पंचांचा एक निकाल लागला आणि प्रेक्षकांचा दुसरा, आणि दोन्ही निकाल एकाच मैदानात नांदले. मेळ्याचा स्वभाव सांगायला याहून चांगला प्रसंग मला माहीत नाही. पुढची पंचवीस वर्षं हा मेळा तमाशाच्या फडासारखा मुक्काम हलवत राहिला : मस्कटीन, ऑस्कालूसा, डब्यूक, बर्लिंग्टन, सीडर रॅपिड्स. १८७९ मध्ये तो डी मॉइनला आला आणि सात वर्षांनी आजच्या जागी स्थिरावला.

हा निवाडा चालतो कसा, ते जवळून पाहण्यासारखं आहे. पशुधनाच्या मंडपात भुश्शाचं गोल रिंगण असतं. आत दहा-बारा मुलं, कुणी दहा वर्षांचं, कुणी सतरा, आणि प्रत्येकाच्या हाती एक कालवड किंवा खोंड. कातडी धुऊन, विंचरून अशी केलेली की लग्नघरातल्या नवरदेवाने मान खाली घालावी. मुलाच्या एका हातात दोरी, दुसऱ्या हातात लांब काठी. काठीच्या टोकाने जनावराचा खूर हलकेच मागेपुढे सरकवायचा, म्हणजे चारी पाय चौकोनात येतात आणि पाठ सरळ दिसते. या सबंध वेळात मुलाची नजर जनावराकडे कमी आणि परीक्षकाकडे जास्त. परीक्षक हळूहळू फिरतो, मागून बघतो, बाजूने बघतो, बरगडीवर हात ठेवून पाहतो, चालवून आणायला सांगतो. मग एकेकाला खूण करून ओळीत लावतो. आपल्याकडच्या कित्येक स्पर्धा इथेच संपतात : नंबर जाहीर, टाळ्या, श्रीफळ. इथे खरं काम यानंतर सुरू होतं. परीक्षक ध्वनिक्षेपक हातात घेतो आणि कारणं सांगतो. पहिलीला दुसरीच्या वर का ठेवलं, दुसरीची कंबर कुठे उजवी आहे, तरीही ती मागे का पडली, तिसरी चालताना मागच्या पायात कशी आखडते, हे सगळं त्या मुलांसमोर, त्यांच्या आईबापांसमोर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर. निर्णय देणाऱ्याने कारणं द्यावीत ही अपेक्षा आपण न्यायालयाकडून करतो, तीही भीतभीत. इथे ती कालवडीच्या बाबतीतही पाळली जाते. वरच्या बाकांवर बसलेले म्हातारे शेतकरी मान डोलावतात किंवा ओठ दुमडतात. त्यांचा हक्कच तो.

निळी फीत पहिल्याची, लाल दुसऱ्याची, पांढरी तिसऱ्याची, आणि सर्वांत वरची जांभळी. फोर-एच या ग्रामीण मुलांच्या चळवळीत मात्र वेगळी रीत चालते. ओहायोमध्ये १९०२ साली सुरू झालेल्या मुलांच्या मंडळांतून ती वाढली, आणि डोकं, हृदय, हात व आरोग्य या चारांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं. तिच्या बऱ्याच स्पर्धांत एकाची दुसऱ्याशी तुलना करत नाहीत. ठरवलेल्या मापाशी प्रत्येकाची तुलना होते आणि त्या मापाला उतरतील तेवढ्या सगळ्यांना निळी फीत मिळते. लोणची, जॅम, फळं भरलेले 'पाय', गोधड्या, मध, झेंडू, कांदे या सगळ्यांना हे माप लागतं. मोरंब्याच्या बरणीत कडेला बुडबुडे किती, फोडी सारख्या आहेत का, झाकणाखाली जागा किती सोडली, याची गुणपत्रिका असते. आपल्या आज्या-मावश्या हेच सगळं पाहत आल्या, फक्त त्यांचा शेरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर आला नाही. इथे तो कागदावर येतो. नवऱ्याला हाक मारण्याची आणि डुकरांना हाक मारण्याची अशा दोन स्पर्धाही याच मेळ्यात होतात. त्यांचे परीक्षक वेगवेगळे असावेत अशी आशा आहे.

मेळा म्हणजे परीक्षा, या माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप सरळ आहे. लोक काय गुणपत्रिका वाचायला येतात? येतात ते खायला, पाळण्यात बसायला, रात्री ग्रँडस्टँडवर गाणी ऐकायला. परीक्षण हे निमित्त राहिलं, तमाशाने ते गिळून टाकलं. आक्षेपात तथ्य आहे आणि तो जुनाही आहे. १८९६ मध्ये याच मेळ्यात दोन रेल्वे इंजिनं समोरासमोर सोडून त्यांची टक्कर पैसे घेऊन दाखवण्यात आली. १९३२ च्या मंदीत पुन्हा तसाच खेळ झाला, आणि इंजिनांना नावं दिली होती हूव्हर आणि रूझवेल्ट, म्हणजे त्या वर्षीच्या निवडणुकीतले दोन उमेदवार. कृषिज्ञानाशी याचा काय संबंध, असं तेव्हाही विचारलं गेलं असणारच. पण गोठे, मंडप आणि परीक्षक यांचा खर्च निव्वळ मोरंब्याच्या बळावर भागत नाही. इंजिनांची टक्कर पाहायला आलेल्या माणसाच्या तिकिटावर मेंढीची निळी फीत निघते. कीर्तनाला गर्दी व्हावी म्हणून महाप्रसाद ठेवतात, त्यातलाच हा व्यवहार. आणि दोहोंतलं मुख्य कोणतं ते अडचणीच्या वेळी कळतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, मेळा बंद होता आणि मैदान लष्करी सामानाच्या कोठारासाठी वापरात होतं. त्यानंतर थेट २०२० मध्ये, कोविडमुळे, तो पुन्हा रद्द झाला. त्या वर्षी पाळणे नव्हते, गाणी नव्हती, काडीवरचे पदार्थ घेऊन हिंडणारी गर्दी नव्हती. तरीही फोर-एच आणि एफएफए या शेती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या मुलांसाठी जनावरांचं परीक्षण मर्यादित उपस्थितीत घेतलं गेलं. सगळं काढून टाकल्यावर जे ठेवावंच लागलं, त्याला मी गाभा म्हणतो.

तमाशा म्हणून सर्वांत प्रसिद्ध असलेली वस्तू तर माझ्याच बाजूने साक्ष देते. १९११ पासून इथे लोण्याची गाय करतात. शेतीच्या इमारतीत काचेमागे, चार-पाच अंश सेल्सियसच्या थंडाव्यात, लाकूड, तार आणि जाळी यांच्या सांगाड्यावर सहाशे पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे पावणेतीनशे किलो लोणी थापून खऱ्या मापाची गाय उभी राहते. तेच लोणी पुन्हा पुन्हा, कित्येक वर्षं वापरतात, त्यामुळे नासाडी झाली म्हणून हळहळायला नको. १९६० पासून २००५ पर्यंत ती घडवली नॉर्मा 'डफी' लायन यांनी. त्या पशुविज्ञान शिकलेल्या आणि स्वतः दुधाचा धंदा करणाऱ्या घरातल्या. पुढे त्यांनी लोण्यात एल्व्हिस प्रेस्ली केला, येशूचं शेवटचं भोजनही केलं. पण गाय करताना त्या नुसती गाय करत नसत. जर्सी, होल्स्टीन, गर्न्सी, एअरशायर, ब्राउन स्विस, मिल्किंग शॉर्टहॉर्न, यांतली एक ठरावीक जात आणि त्या जातीचा नामी नमुना त्यांना घडवायचा असे. कासेची ठेवण, कमरेची रुंदी, दुधाच्या शिरा, सगळं परीक्षकाने निळी फीत द्यावी असं. रांगेतल्या शहरी पाहुण्याला ती गंमत वाटते. गोठ्यातून आलेल्या माणसाला ती गुणपत्रिका दिसते.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे, आणि तो आयोवाच्याच मातीतून उगवला. परीक्षक दिसणं पाहतो, देणं पाहत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मक्याच्या कणसांच्या स्पर्धांना मोठा मान होता. कणीस दंडगोल हवं, दाण्यांच्या ओळी सरळ हव्यात, टोकापर्यंत भरलेलं हवं. या सौंदर्यशास्त्राचे आचार्य होते प्रा. पेरी होल्डन. त्यांनी निवडलेली कणसं १९०४ मध्ये एका जेमतेम सोळा वर्षांच्या मुलाने पेरून पाहिली आणि वजन केलं. सुंदर कणीस आणि भरघोस पीक यांचा काही संबंध निघाला नाही. त्या मुलाचं नाव हेन्री ए. वॉलेस. पुढे तो अमेरिकेचा कृषिमंत्री आणि मग उपराष्ट्राध्यक्ष झाला. मराठी वाचकाला या गोष्टीत एक ओळखीचा माणूस भेटतो. हा वॉलेस पाच-सहा वर्षांचा असताना त्याला आयोवातल्याच एम्स गावच्या माळरानावर फिरवून झाडाझुडपांची ओळख करून देणारा विद्यार्थी म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे आपल्या घराघरांत पोचलेला. पोराची नजर कुणी घडवली, ते कळतं. वॉलेसच्या आग्रहामुळे १९२० पासून आयोवात दिसण्याऐवजी उत्पादन मोजणारी मक्याची चाचणी सुरू झाली, १९२४ मध्ये त्याच्या संकरित वाणाने तिथे सुवर्णपदक मिळवलं आणि १९२६ मध्ये त्याने बियाण्यांची कंपनी काढली. १९३० च्या आसपास अमेरिकेत मका एकरी सरासरी सहा-सात क्विंटल पिकत असे, आज तो चाळीस क्विंटलच्या पुढे गेला आहे. जनावरांच्या बाबतीत तर परीक्षकांची चूक याहून महाग पडली. १९४० आणि ५० च्या दशकांत रिंगणात बुटकी, ठेंगणी, गच्च बांध्याची मांसाची जनावरं जिंकू लागली. पैदासकार त्याच मागे लागले आणि हेरफर्ड-अँगस कळपांत खुजेपणाचा दोष पसरला. मग लंबक उलट्या टोकाला गेला आणि ७०-८० च्या दशकांत उंचच उंच, हडकुळी जनावरं फिती नेऊ लागली.

हा पुरावा मी लपवत नाही, कारण तो माझ्या म्हणण्याला मारक नाही. चूक झाली हे कळलं कशामुळे? माप उघड होतं म्हणून. होल्डन यांनी चांगलं कणीस म्हणजे काय हे गुणांसकट मांडलं नसतं, तर त्या पोराने पेरून तपासायचं तरी काय? मनातल्या मनात ठरवलेली पसंती खोडता येत नाही. चारचौघांत कारणं देऊन केलेली पसंती खोडता येते. वॉलेसनेही स्पर्धा मोडीत काढली नाही, तिचं माप बदललं.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मला दोन पावलं मागे जावं लागतं. आयोवात माणसांच्या सातपट डुकरं आहेत. मका, डुकराचं मांस आणि अंडी यांत हे राज्य अमेरिकेत पहिलं. पण यातलं बहुतेक डुक्कर हजारोंच्या संख्येने बंदिस्त शेडमध्ये वाढतं, त्याला कुणी ब्रशने घासत नाही आणि कुणी त्याचं नाव ठेवत नाही. मेळ्यातलं धुतलेलं, नाव असलेलं डुक्कर आणि 'बिग बोर'च्या स्पर्धेतला हजार पौंडांवरचा आडवा पडलेला वराह हे त्या धंद्याचं चित्र नव्हे. डी मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये नदीत उतरणाऱ्या नायट्रेटवरून वरच्या भागातल्या तीन जिल्ह्यांतल्या निचरा मंडळांवर दावा लावला. २०१७ मध्ये तो न्यायालयाने फेटाळला. नदीच्या पाण्याला मेळ्यात कोणत्याही रंगाची फीत नाही. जे मोजलं जातं त्याचीच चढाओढ होते आणि जे मोजलं जात नाही ते फाटकाबाहेर राहतं, ही परीक्षेची खोट आहे आणि ती मान्य करायला हवी. परीक्षा सर्वांना खुली असते हेही सगळीकडे खरं नव्हतं. टेक्सासच्या स्टेट फेअरमध्ये कृष्णवर्णीयांसाठी एक ठरावीक दिवस राखून ठेवला जाई आणि हा भेदभाव पुरता जायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. तरीही या खोटीवर उतारा म्हणून मेळा बंद करा असं म्हणणाऱ्याशी मी सहमत नाही. नदीच्या पाण्याची गुणपत्रिका करा आणि तीही त्याच मंडपात लावा, हे म्हणणं मला पटेल. मक्याचं माप एकदा बदललं होतं, हा दाखला समोर आहेच.

मोजण्याची ही सवय किती खोल गेली आहे, ते राजकारण्यांना विचारावं. अध्यक्षपदाच्या उमेदवारनिवडीत आयोवाचा नंबर अनेक वर्षं, २०२० पर्यंत तर दोन्ही पक्षांत, पहिला लागत आल्याने उमेदवार इथे येऊन पोर्क चॉप परततात आणि गवताच्या गासड्यांमध्ये उभं राहून भाषण करतात. समोरचा माणूस नुकताच खोंडांच्या रिंगणातून आलेला असतो, त्याला मागून-पुढून बघायची खोड लागलेली असते. ऑगस्ट २०११ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीचे इच्छुक मिट रॉमनी इथेच हुल्लड करणाऱ्या श्रोत्याला उत्तर देताना कंपन्या म्हणजे माणसंच, असं बोलून गेले. ते वाक्य पुढच्या वर्षभराच्या प्रचारात त्यांचा पिच्छा पुरवत राहिलं. जवळच एका दूरचित्रवाहिनीच्या मांडवात काचेच्या बरण्या ठेवलेल्या असतात, उमेदवारागणिक एक. आपल्या पसंतीच्या बरणीत मक्याचा दाणा टाकायचा. शास्त्रीय चाचणी म्हणून त्याची किंमत शून्य आहे, पण कुणाची बरणी किती भरली ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं.

अमेरिकेतल्या नातलगांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या मराठी मंडळींना एवढंच सांगेन की शिकागो करून परत फिरण्याआधी पाच-सहा तासांची मोटार हाकून डी मॉइन गाठा. सकाळी लवकर पोचा आणि खाण्याच्या गल्लीकडे न वळता थेट पशुधनाच्या मंडपात जाऊन वरच्या बाकावर बसा. इंग्रजीचा हेल कळला नाही तरी परीक्षकाचा हात जनावराच्या कुठल्या भागावर जातो ते बघत राहा, तासाभरात तुम्हीही मनातल्या मनात नंबर लावू लागाल. लोण्याच्या गायीपुढची रांग दुपारीही असते, संध्याकाळीही असते, आणि ती गाय अकरा दिवस जागची हलत नाही.